फ्रान्सच्या राजेशाही काळातील चांदीची नाणी: संग्रहाची सुरुवात कोठून करावी?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. शिवराई आणि पेशवेकालीन रुपये मी बरीच वर्षे जमवत आहे. त्यामुळे टाकसाळीच्या खुणा, सरकलेला ठसा, सराफांनी पारख करताना मारलेले टाचे अशा गोष्टींना नजर सरावली आहे. आता एखादे परदेशी दालन उघडावे, असे मनात आहे आणि सोळाव्या ते अठराव्या शतकातील फ्रेंच राजांच्या चांदीच्या नाण्यांकडे ओढा आहे. बाराव्या लुईपासून सोळाव्या लुईपर्यंत प्रत्येक राजाचे एक नाणे मिळवावे, असा साधा बेत मी आखला होता. परदेशी विक्रेत्यांच्या याद्या पाहू लागल्यावर मात्र काही शंका उभ्या राहिल्या, म्हणून जाणकारांना विचारतो.

पहिली शंका चौदाव्या लुईच्या १६९४ सालच्या एका एक्यूबद्दल, म्हणजे चांदीच्या मोठ्या फ्रेंच नाण्याबद्दल, आहे. मागच्या बाजूला दोन तालपत्रांमध्ये मुकुटधारी ढाल आहे, पण ढालीच्या आरपार दुसऱ्याच कशाच्या तरी रेषा दिसतात आणि काठाजवळ मुकुटाचा एक अर्धवट तुकडा उमटलेला आहे. विक्रेत्याने याला दोष म्हटलेले नाही, तरीही किंमत कमी ठेवली आहे. दुसरे नाणे सोळाव्या लुईचे १७८५ सालचे, बायोन टाकसाळीचे आहे. त्यावर राजाच्या गालावर आणि कानाजवळ समांतर बारीक ओरखडे आहेत. ते कोणी घासून साफ केलेले नाणे आहे की मूळचेच तसे आहे?

तिसरी गोष्ट कुतूहलाची. या नाण्यांवर राजाचे नाव आहे, वर्ष आहे, लॅटिन प्रार्थना आहे, पण किंमत कोठेही लिहिलेली नाही. मग व्यवहारात ते किती मोलाचे हे लोकांना कसे कळत असे?

जुना ठसा (उत्तर)

आपली शेवटची शंका आधी घेतो, कारण तिच्यात पहिल्या शंकेचेही उत्तर आहे.

फ्रान्समध्ये हिशेब लिव्र, सोल आणि दनिये यांत मांडला जात असे. वीस सोलांचा एक लिव्र आणि बारा दनियेंचा एक सोल. ही हिशेबाची मापे होती. प्रत्यक्ष हातात येणारे चांदीचे नाणे म्हणजे एक्यू, आणि एक्यू किती लिव्रांना चालायचा हे राजाचे फर्मान ठरवीत असे. नाण्यावर किंमत नसल्यामुळे ठशाला हातही न लावता त्याचे मोल वाढवता किंवा उतरवता येई. चांदीचा एक्यू १६४१ मध्ये तेराव्या लुईने सुरू केला तेव्हा त्याचे वजन २७.४५ ग्रॅम होते आणि तो ६० सोलांना, म्हणजे तीन लिव्रांना, चालत होता. १७२६ मध्ये पंधराव्या लुईच्या काळात जो एक्यू अखेर स्थिरावला, तो २९.४९ ग्रॅमचा होता आणि सहा लिव्रांना चालत होता. दोन्हींत चांदीचा कस बारापैकी अकरा भाग, म्हणजे हजारी सुमारे ९१७. नाणे जेमतेम दोन ग्रॅमनी जड झाले आणि हिशेबातले मोल दुप्पट झाले. मधल्या ८५ वर्षांत काय काय घडले असेल, याचा अंदाज यावरून येतो.

आपले १६९४ चे नाणे त्याच मधल्या काळातले आहे. ऑग्सबर्ग संघाविरुद्धचे युद्ध १६८८ पासून सुरू होते आणि तिजोरीला पैसा हवा होता. तेव्हा १६८९ च्या डिसेंबरात फर्मान निघाले की जुनी नाणी टाकसाळीत आणावीत. ती न वितळवता तशीच नव्या ठशांखाली घातली जात आणि वाढीव भावाने बाहेर पडत. मधला फरक राजाचा. वितळवणे, ओतणे, चकत्या कापणे हा सगळा खर्च आणि वेळ वाचत असे. हा प्रयोग फायद्याचा ठरल्यावर तो १६९३, १७०१ आणि १७०४ मध्ये पुन्हा झाला. प्रत्येक वेळी मागच्या बाजूची नक्षी बदलली, म्हणजे कोणते नाणे नव्या भावाचे आणि कोणते जुन्या भावाचे हे पाहताच ओळखू यावे. १६९० च्या सुमाराच्या नाण्यांवर मुकुटधारी आठ ‘एल’ अक्षरांची क्रूसाकृती मांडणी आहे, १६९३ पासून तालपत्रे आली, १७०१ मध्ये ढालीमागे राजदंड आणि न्यायहस्त (टोकाला हात असलेला दंड) आले आणि १७०४ मध्ये आठ ‘एल’ पुन्हा अवतरले. १७०९ मध्ये मात्र खरोखरच नव्या चकत्या कापून ३०.५९ ग्रॅमचा, तीन मुकुटांचा एक्यू काढण्यात आला.

तेव्हा आपल्या ढालीतून डोकावणाऱ्या रेषा आणि काठाजवळचा मुकुट हे बहुधा आधीच्या आठ ‘एल’ प्रकाराचे अवशेष आहेत. विक्रेत्याकडून मोठे छायाचित्र मागवा आणि नव्या वर्षाच्या आजूबाजूला जुन्या वर्षाचा एखादा आकडा दिसतो का ते पाहा. दर्शनी बाजूलाही राजाच्या मानेजवळ किंवा केसांत जुन्या अक्षरांचे पाय सापडतात. दोन्ही वर्षे वाचता आली तर त्या एका चकतीवर दोन फर्माने आहेत, आणि असे नाणे मी स्वच्छ छापाच्या नाण्याआधी उचलीन. बाजारात याच्या उलट चालते. गुळगुळीत, एकाच छापाच्या नाण्याला जास्त भाव मिळतो आणि पुनर्मुद्रित नाणे सपाट दिसते म्हणून स्वस्त जाते. ही उलटी रीत आपल्यासारख्याच्या पथ्यावर पडणारी आहे.

आपल्याकडेही जुन्या सालाचा रुपया सराफ बट्टा कापून घेत, हे आपण जाणताच. फरक इतकाच की येथे बट्टा सराफाच्या हाती होता आणि तेथे तो राजाने स्वतःकडे घेतला.

बायोनच्या नाण्याविषयी. चकती छापण्याआधी तोलली जाई आणि थोडी जड भरली तर कानशीने घासून वजनात आणली जाई. त्यानंतर दाबयंत्राचा ठोका बसला की बहुतेक ओरखडे दाबून नाहीसे होत. परंतु ठशाचा जो भाग सर्वांत खोल, तेथे धातू पूर्ण चढत नसे, आणि नाण्यावर तोच भाग सर्वांत उंच म्हणजे गाल, कान, केस. म्हणून कानशीच्या रेषा नेमक्या तेथेच उरतात. त्या समांतर असतात, उठावाच्या कडेशी येऊन थांबतात आणि मोकळ्या पृष्ठभागावर सहसा दिसत नाहीत. कोणी नंतर घासले असेल तर ओरखडे चेहरा, अक्षरे आणि मोकळी जागा यांची पर्वा न करता सगळ्यांवरून सलग जातात आणि त्यांच्या कडा चमकतात. भिंगातून पाहिले तर हा भेद स्पष्ट कळतो. आपण केलेल्या वर्णनावरून ते कानशीचे काम वाटते.

आता आपल्या मूळ बेताविषयी थोडे स्पष्ट बोलतो. ‘प्रत्येक राजाचे एक’ ही यादी फ्रान्सच्या बाबतीत नीट बसत नाही. दुसरा फ्रान्स्वा १५५९ ते १५६० असा जेमतेम दीड वर्ष राजा होता आणि त्या काळात फ्रान्समधील टाकसाळी त्याच्या वडिलांच्या, म्हणजे दुसऱ्या हेन्रीच्या, नावानेच नाणी पाडत राहिल्या. दुसऱ्या हेन्रीचे १५६० किंवा १५६१ सालचे तेस्तों (एक्यूच्या आधीच्या काळातले चांदीचे नाणे) पाहून अनेकजण चक्रावतात, पण ते अस्सल असते. याच्या उलट, धर्मयुद्धांच्या काळात कॅथलिक संघाने बूर्बोंच्या वृद्ध कार्डिनलला ‘दहावा शार्ल’ म्हणून राजा ठरवले. तो १५९० च्या मे महिन्यात कैदेतच वारला, तरी संघाच्या ताब्यातील शहरांत पुढे काही वर्षे त्याच्या नावाचे चतुर्थांश एक्यू, म्हणजे तेव्हाच्या सोन्याच्या एक्यूच्या पाव मोलाची चांदीची नाणी, निघत होते. म्हणजे आपल्या यादीत एक राजा नाण्यावाचून राहतो आणि ज्याने कधी राज्य केले नाही त्याचे नाणे मात्र मिळते. माझे मत असे की राजांच्या मागे न लागता एक टाकसाळ किंवा एक कालखंड धरावा. मला विचाराल तर १६८९ ते १७०९ ही वीस वर्षे पुरेशी आहेत. आपली नजर सरकलेल्या ठशांना सरावलेली आहे, ती तेथे कामी येईल.

लियोंकर (उत्तर)

वरील उत्तराला खरेदीच्या बाजूने काही जोड देतो. मी फ्रान्समध्ये राहतो आणि येथील नाणेबाजारांत अधूनमधून फिरतो.

सर्वप्रथम प्रतवारी. फ्रेंच विक्रेते टी.बी., टी.टी.बी., सुप. अशी अक्षरे लिहितात. टी.टी.बी. म्हणजे शब्दशः ‘अतिशय सुंदर’, पण प्रत्यक्षात ती बऱ्यापैकी हाताळलेल्या, तरी सर्व तपशील शाबूत असलेल्या नाण्याची मधली प्रत आहे. त्या खालची टी.बी. म्हणजे चांगलेच झिजलेले नाणे. अक्षरांपेक्षा छायाचित्रावर विश्वास ठेवा.

एक्यू हे मोठे, सुमारे ४१ मिलिमीटर रुंद आणि दिसायला देखणे नाणे असल्यामुळे एकोणिसाव्या शतकात त्याचे दागिने, साखळ्यांची पदके आणि बटणे पुष्कळ झाली. कडी काढून, डाग घासून ते नाणे पुन्हा बाजारात येते. काठ नेहमी पूर्ण फिरवून पाहावा. राजाच्या डोक्याच्या बरोबर वर बारा वाजण्याच्या जागी काठ सपाट किंवा वेगळ्या रंगाचा असेल, तर तेथे डाख होता असे समजा. अठराव्या शतकातील एक्यूच्या काठावर ‘दोमिने साल्वुम फाक रेगेम’, म्हणजे ‘प्रभो, राजाचे रक्षण कर’, ही अक्षरे असतात. ओतीव बनावट नाण्यात ही काठावरची अक्षरेच सर्वांत आधी घात करतात. ती बोथट असतात आणि कधी मधूनच साच्याच्या जोडाची रेष जाते.

बनावट नाणी हल्ली खूप आहेत, विशेषतः सोळाव्या लुईच्या एक्यूची. घरच्या घरी करण्याजोगी एक तपासणी सांगतो. दशांश दोन अंकांपर्यंत दाखवणारा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि नाणे दोऱ्याने टांगून तळाला न टेकवता पाण्यात बुडवा. नाण्याचे कोरडे वजन भागिले काट्यावर दिसणारा आकडा, म्हणजे त्याची घनता. ९१७ कसाच्या चांदीसाठी उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवे. २९.४९ ग्रॅमच्या पूर्ण वजनी एक्यूसाठी काटा सुमारे २.८५ दाखवील. चांदीचा मुलामा दिलेले पितळ किंवा तांबे येथे ताबडतोब पकडले जाते. योग्य कसाच्या चांदीतच कोणी नवे ठसे मारले असतील तर मात्र ही तपासणी निरुपयोगी आहे. तेथे शैली, अक्षरांची ठेवण आणि ज्ञात ठशांशी तुलना हाच मार्ग.

टाकसाळीच्या अक्षरांची सवय लवकर करून घ्या. १५४० च्या सुमारास पहिल्या फ्रान्स्वाने ही पद्धत लावली. ‘ए’ पॅरिस, ‘बी’ रूआँ, ‘डी’ लियों, ‘के’ बोर्दो, ‘एल’ बायोन, ‘एम’ तूलूझ. काही खुणा अक्षरे नाहीत. रेन शहराची खूण ९ हा आकडा आहे आणि पो शहराची खूण गाय. पोच्या नाण्यांवर राजाच्या बिरुदानंतर ‘बी.डी.’ असते, कारण तेथे तो बेआर्न प्रांताचा अधिपती म्हणूनही मिरवत असे. बायोनचे एक्यू अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एवढे विपुल का, तर स्पेनच्या सीमेवरून येणारे पियास्त्र, म्हणजे चांदीची मोठी स्पॅनिश नाणी, तेथे वितळवले जात. अमेरिकेच्या खाणीतील चांदी त्या वाटेने फ्रेंच राजाच्या चेहऱ्याखाली आली. नवशिक्याने पहिला एक्यू बायोनचा घ्यावा असे मी सुचवीन. आणखी एक बारकावा: सोळाव्या लुईच्या नाण्यांवर ‘एल.यू.डी.’ (लुईच्या लॅटिन नावाचा संक्षेप) मधील ‘डी’ खाली ठिपका असेल तर ते वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीतले आहे.

भारतात मागवताना एक कायदेशीर बाजू ध्यानात असू द्या. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातील व्याख्येत शंभर वर्षांहून जुनी नाणी स्पष्टपणे येतात आणि नाणे कोणत्या देशाचे हा भेद तेथे केलेला नाही. त्यामुळे एकदा आलेले नाणे पसंत पडले नाही म्हणून सहज परत पाठवता येईल, असे गृहीत धरू नका. सर्व शंका पैसे देण्याआधी फेडून घ्या आणि पावतीवर नाण्याचे वर्ष, टाकसाळ व वजन लिहून घ्या.

गोदाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. विक्रेत्याकडून मोठे छायाचित्र आले. तालपत्रांच्या नाण्यावर ढालीच्या डाव्या बाजूला ‘एल’ ची दोन टोके आणि दर्शनी बाजूस अंकातील ९ च्या मागे अर्धवट पुसलेला एक आकडा दिसतो. तो मला १ वाटतो, परंतु खात्री नाही. ते नाणे घेण्याचे ठरवत आहे.

आणखी एक विचारतो. मोठ्या एक्यूखेरीज लहान नाण्यांत काही रस घेण्यासारखे आहे का? आणि पुद्दुचेरीच्या निमित्ताने या राजांची काही चांदी आपल्याकडे उतरली का?

सराफकट्टा (उत्तर)

लहान नाण्यांत सर्वांत रंजक म्हणजे एक्यूचा बारावा भाग. सुमारे २.३ ग्रॅमचे, पाच सोलांचे हे नाणे बाल चौदाव्या लुईच्या चेहऱ्यासह निघाले आणि १६५० नंतर मार्सेयच्या व्यापाऱ्यांनी ते तुर्की साम्राज्यात पोत्यांनी नेले. तेथे ते खऱ्या चांदीहून अधिक भावाने जात होते आणि बायका ते दागिन्यांत गुंफत असत. एवढा नफा पाहून शेजारचे लहान संस्थानिक मागे कसे राहतील? फ्रान्सलगतच्या दोंब संस्थानाची स्वामिनी, राजाची चुलत बहीण आन मारी लुईज, हिच्या त्रेव्हू येथील टाकसाळीने तशीच नाणी पाडली. त्यावर तिचा चेहरा होता. मग इटलीतील जहागीरदारांनी नकलांच्या नकला काढल्या, ज्यांत चांदी कमी होत गेली, आणि अखेर तुर्की अधिकाऱ्यांनी १६६० च्या दशकाच्या शेवटी या व्यापाराला पायबंद घातला. आज अस्सल फ्रेंच बारावा भाग, दोंबचे नाणे आणि एखादी इटालियन नक्कल अशी तीन नाणी शेजारी ठेवली तर एका बाजाराचा चढ आणि पडझड हातात धरून पाहता येते. तिन्ही मिळून एका चांगल्या एक्यूएवढा खर्च येण्याचे कारण नाही. भोक पाडलेली नाणी वगळू नका, कारण ती बहुधा त्याच गळ्यांतील आहेत.

पुद्दुचेरीबाबत. फ्रेंच जहाजे लोरियां बंदराहून जी चांदी आणत, ती मुख्यतः स्पॅनिश पियास्त्रांच्या रूपात होती, त्यामुळे एक्यू येथे फारसे फिरले असे समजू नये. १७३६ मध्ये अर्काटच्या नवाबाकडून पुद्दुचेरीत रुपये पाडण्याची परवानगी मिळाली. हे रुपये मुघल बादशहा मुहम्मद शाहच्या नावाचे, फारसी मजकुराचे आहेत आणि चंद्रकोरीच्या खुणेवरून ओळखले जातात. म्हणजे पियास्त्र येथे आल्यावर फ्रेंच राजाच्या चेहऱ्याखाली गेले नाहीत, दिल्लीच्या बादशहाच्या नावाखाली गेले. कमळपुष्पांसारखी दिसणारी लिलीची फुले आणि मुकुट असलेले चांदीचे छोटे फानों मात्र स्पष्ट फ्रेंच छापाचे आहेत. आपल्याकडे दक्षिणेतील जुन्या संग्रहांत ते अजून मिळतात आणि त्यांना सीमाशुल्काचा प्रश्नही येत नाही.

याच गटात आणखी एक नाणे सांगतो. १७२० साली पॅरिसमध्ये, फ्रान्सचा अर्थकारभार पाहणाऱ्या जॉन लॉच्या कागदी चलनाचा डोलारा कोसळायच्या बेतात असताना, शुद्ध चांदीचा ३.७ ग्रॅमचा एक लिव्र निघाला. संग्राहक त्याला इंडीज कंपनीचा लिव्र म्हणतात. त्याच वर्षी कोणीही पाचशे लिव्रांहून अधिक सोने-चांदीची नाणी घरात ठेवू नयेत, असेही फर्मान निघाले होते. पुद्दुचेरीचा कारभार पाहणारी कंपनी हीच. फानों आणि हा लिव्र एकत्र ठेवले तर आपले भारतातील दालन आणि फ्रेंच दालन यांच्यात दुवा तयार होतो.

जुना ठसा

वरील तीन नाण्यांच्या सूचनेला माझे पूर्ण अनुमोदन. राजांच्या यादीपेक्षा ती चांगली.

१६९४ च्या नाण्याबद्दल एकच सुचवतो. ९ च्या मागचा आकडा १ असेल तर जुने नाणे बहुधा १६९१ चे ठरेल आणि ते आठ ‘एल’ प्रकाराच्या काळात नीट बसते. पण जुना आकडा नव्याच्या रेषेत असेलच असे नाही, कारण चकती ठशाखाली कशीही फिरून बसत असे. म्हणून नाणे हातात आल्यावर ते थोडे थोडे फिरवत तिरप्या उजेडात पाहा आणि आधी जुन्या मुकुटाची दिशा ठरवा. मुकुट कोठे आहे हे कळले की जुने ‘वर’ कोठे होते ते कळते आणि जुने वर्ष कोणत्या भागात शोधायचे तेही ठरते. टाकसाळीचे जुने अक्षरही शोधा. चकती एका शहरात पहिल्यांदा आणि दुसऱ्याच शहरात पुन्हा छापली गेल्याची उदाहरणे मिळतात. आपल्या नाण्यावर तसे निघाले तर छायाचित्र येथे अवश्य टाका.